किल्लीची जागा

"मॅडम, आता तुम्हीच हात घाला," म्हणत इलाहीभाई मशीनपासून बाजूला झाले.

नवं सॉफ्टवेअर बसवल्यापासून इथले कामगार दिवसातून वीसदा मेन स्विच का बंद करतात, हे विचारायला वैजयंती आली होती. सॉफ्टवेअर तिचंच होतं. दार उघडं असताना मशीन 'ऑटो'वर, म्हणजे आपोआप चालण्यावर, जाऊच शकत नाही, हे तिने ऑफिसात शंभरदा तपासलं होतं.

आत टूलभोवती लोखंडाचा कीस अडकला होता. दार उघडं, स्क्रीनवर 'मॅन्युअल'. तिने पुन्हा स्क्रीन पाहिली. मघाशी बोट चुकून कुठं लागलं तर नाही ना? तिसऱ्यांदा पाहिली.

दहा वर्षांपूर्वी ती याच कारखान्यात शिकाऊ होती, तेव्हा इलाहीभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मशीन मॅन्युअलवर आणायचं, किल्ली काढून खिशात टाकायची, मगच आत हात घालायचा. किल्ली आपल्या खिशात, म्हणजे दुसरं कुणी मशीन ऑटोवर टाकणार नाही.

"घालते की," ती म्हणाली. हात उठला, पण आत न जाता सवयीने पॅनेलच्या कोपऱ्याकडे, पूर्वी किल्ली असायची तिथे गेला. बोटांना गुळगुळीत पत्रा लागला. स्क्रीनवर नुसतं बोट टेकवून काम होत असताना किल्ली हवीच कशाला, असं मीटिंगमध्ये तिनेच पटवून दिलं होतं.



वैजयंती मशीनच्या मागे गेली, मेन स्विच बंद केला, आणि मग कीस काढायला वाकली.