तीन ठिकाणी कशाला?

पूजेसाठी गुरुजी बुक करायचं आमोद सरांचं अ‍ॅप होतं. "सर, चतुर्थीच्या सकाळी अख्खं पुणं एकदम गुरुजी शोधतं. आपण डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस घेऊ या," तनुजा मीटिंगमध्ये म्हणाली. "त्यात माहिती तीन ठिकाणी राहते. एक ठिकाण बंद पडलं, तरी उरलेल्या दोन्हींवर काम चालतं."

"एकच गोष्ट तीन ठिकाणी ठेवून काय लोणचं घालायचंय?" सर म्हणाले. "साधा क्लाउड घ्या आणि सगळं एका जागी ठेवा. स्वस्तात भागेल."

हा विचार त्यांना इतका आवडला, की पुढच्याच महिन्यात त्यांनी तनुजाच्या टीममधल्या वरदला आणि ओवीला नारळ दिला. "तिघांचं काम तनुजा एकटी करेल की!"

पावसाळ्याच्या तोंडावर तनुजानं राजीनामा दिला आणि "माझं काम कोणाला शिकवून ठेवू?" असं रीतसर विचारलंही. सर म्हणाले, "बघू."

चतुर्थीच्या सकाळी अ‍ॅपनं मान टाकली. घरोघरी गणपती पाटावर येऊन बसलेले आणि गुरुजींचा पत्ता नाही. सरांनी घाईघाईनं तनुजाला फोन लावला.

"अगं, हे परत सुरू कसं करायचं, इथे कोणालाच माहीत नाही! तुझ्याशिवाय आणखी कोणाला येतं का हे?"

"येतं ना सर. वरदला येतं, ओवीलाही येतं. दोघं इथे माझ्या शेजारीच बसलेत."



"आम्ही तिघांनी मिळून नवं अ‍ॅप काढलंय," तनुजा पुढे म्हणाली. "तुमच्याकडे गुरुजी आले नसतील, तर पाठवू का?"