निऱ्या

"काकू, साडीला निऱ्या किती घालता?" स्कॅनवर बोट ठेवत नव्या डॉक्टरांनी विचारलं.

"सहा-सात," सुलभाताई गोंधळल्या.

"कुणी पाच घालतं, कुणी नऊ. कापड तेवढंच ना? काकांच्या मेंदूच्या घड्या जन्मापासूनच जरा वेगळ्या आहेत. म्हणून मशीनचं माप चुकलं आणि मेंदू आक्रसल्यासारखा वाटला. आजारबिजार काही नाही. स्मरणशक्तीही चोख आहे."

नवऱ्याने डॉक्टरांचे हातच धरले. "वाचवलंत हो!" म्हणत तो लेकीला फोन लावायला दाराकडे धावला. सुलभाताई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

छत्तीस वर्षं त्यांचा संसार 'अहो' आणि 'अगं'वर चालला होता. गेल्या दिवाळीत नवऱ्याने पहिल्यांदा त्यांना नावाने हाक मारली. "कुंदा!" लग्नाआधी त्याची जिच्याशी सोयरीक मोडली होती, ती कुंदा. मग घाईत, झोपेत, आनंदात, तेच नाव तोंडी येऊ लागलं. त्या घाबरून त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. मेंदू आक्रसलाय, असं तिथे कळलं तेव्हा त्या ढसाढसा रडल्या, पण मनातून कुठेतरी निवांतही झाल्या. बिचाऱ्याचा आजार बोलतोय, तो काय करणार? त्या हाकेला त्या मुकाट 'ओ' देत राहिल्या.

"चल गं कुंदा, आधी पेढे घेऊ!" दारातून नवऱ्याची हाक आली.

सुलभाताईंनी पदर तोंडाशी धरला.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "परत एकदा मोजून बघता का? पहिलंच माप बरोबर असेल."