फोटोखालची गुराब

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा खोडलं. लिहून घनश्यामभाऊंच्या अंगावरची माशीही उठणार नाही. तरी तिसऱ्यांदा बसलो.

पवनीतल्या एका शिक्षण संस्थेचं ऑफिस. सकाळचे अकरा. भिंतीला लागून टेबल, टेबलावर चंद्रकुमारची गुराब. गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, तीन डोलकाठ्यांचं. चंद्रकुमार आसगावचा, समुद्र त्याने मोबाईलमध्येच पाहिला. त्याचा बाप सोमाजी शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, छकडे बनवतो. पटावर पळणारा छकडा हलका पाहिजे आणि तुटायला नको, ती हातोटी पोराने जहाजात उतरवली. सागवानाच्या फळ्या वाफेवर वाकवलेल्या. खिळा एकही नाही. दोर सुताचे, मेण लावून वळलेले. तोफा सायकलच्या स्पोकच्या. आठ महिने लागले. त्या बदल्यात त्याने एकच मागितलं होतं, जहाजाखालच्या पितळी पाटीवर नाव.

पाटी माझ्याकडे होती. पाट्या आणि फ्लेक्स, हेच माझं दुकान. जहाजाच्या उद्घाटनाआधी मी माप घ्यायला गेलो होतो.

घनश्यामभाऊ, संस्थेचे अध्यक्ष, आत आले. मागे मोबाईलवर शूटिंग करणारे दोघे. भाऊंनी जहाजाकडे पाहिलंच नाही, जहाजाच्या वर पाहिलं. वर त्यांच्या वडिलांचा फोटो, संस्थेचे संस्थापक बाबूजी, प्लास्टिकच्या झेंडूचा हार घातलेले. मधली डोलकाठी बरोबर त्यांच्या तोंडापर्यंत पोचत होती.

"बाबूजीच्या नाकात काडी चालली बे," भाऊ म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. मग भाऊंनीच डोळे वटारले. बाबूजींवर हसायचं नसतं.

"कापा."

"काय कापा, भाऊ?" चंद्रकुमारने विचारलं.

"काड्या. वीतभर. तिन्ही सारख्या."

"डोलकाठ्या होत भाऊ त्या. सारे दोर टोकाले बांधले आहेत. टोक गेलं का शिडं खाली येतील. खिडकीजवळ ठेवू न जहाज."

"उद्घाटनाचा फोटो निघते तवा मी, जहाज अन् बाबूजी, तिघंही एका फ्रेममधी पाहिजे. खिडकीत बाबूजी येतील का?"

"मंग बाबूजीचा फोटो हातभर वर घ्या."

परसराम शिपाई टेबल पुसत होता. त्याचा हात थांबला.

"बापाले हलवू?" भाऊ म्हणाले. "तुह्या खेळण्यासाठी मी माह्या बापाले हलवू?"

गेल्या उन्हाळ्यात एसी बसवला तेव्हा हाच बाप दोन फूट डावीकडे सरकला होता. आधीच्या खिळ्याचं भोक अजून तसंच होतं. ते मला दिसत होतं, परसरामला दिसत होतं, शूटिंगवाल्यांना दिसत होतं.

"परसराम, लोखंड कापायचं ब्लेड आण."

"काकाजी, नोका," चंद्रकुमार म्हणाला.

"मी का करू, बापू?" परसराम खाली बघतच म्हणाला. "नोकरी आहे माही." आणि ब्लेड आणायला गेला.

"पाटीवाल्या, तू धर," भाऊ मला म्हणाले. "हलू नको देऊ."

मी धरलं. दोन्ही वेळा इथेच खोडलं होतं.

परसरामने मधली आधी कापली. पाचेक मिनिटांत तिन्ही झाल्या. एकेक दोर सैल पडत गेला आणि शिडं तोफांवर येऊन पडली. चंद्रकुमार खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर सायकल स्टँड होता, बाकी काही नाही.

भाऊ दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटून त्यांनी फ्रेम बघितली. "आता कसं! बाबूजी मोकळे दिसून राहिले. हे दोर-गिर कोंबून टाका आतमधी. समोरून कोनाले दिसते?" मग चंद्रकुमारच्या खांद्यावर हात ठेवला, शूटिंगवाले कुठे उभे आहेत ते बघून. "नाराज नको होऊ. पाटीवर माह्यं नाव संकल्पना म्हणून, अन् खाली तुह्यं. बारीक अक्षरात, पण टाकू. मी शब्दाचा पक्का आहो. पाटीवाल्या, लिहून घे. सांग रे, पूर्ण नाव सांग."

चंद्रकुमारने नाव सांगितलं नाही. बाहेर निघून गेला.

"हवा भरली पोट्ट्यात," भाऊ म्हणाले. "एक जहाज काय बनवलं! ते बी माह्याच संकल्पनेचं."

मी त्याच्या मागे गेलो. जहाज ज्या खोक्यात आणलं होतं, ते रिकामं खोकं तो मोटारसायकलला बांधत होता. दोन वेळा गाठ मारली, दोन्ही वेळा सुटली. जहाजाचे सगळे दोर ज्याने वळले, तो हा हात.

"माह्यं नाव नको टाकजो," तो म्हणाला.

"काहून? आठ महिने तू मेहनत केली बे."

"बाबा येनार आहे उद्घाटनाले. छकड्यावाले समदे येतील पाहाले. नाव वाचतील अन् म्हनतील, सोमाजीच्या पोराले डोलकाठीचं माप बी जमलं नाही." त्याने दोरी ओढली. "तुह्यासमोर भाऊ उभा राहील, त टाकशील तू. मघा धरलंच नं तू."

मी त्याच्या हातातली दोरी घेतली आणि खोकं बांधलं.

"नाही टाकत," मी म्हटलं. "संकल्पना घनश्यामभाऊ, अन् बनवणारा बी घनश्यामभाऊच. मोठ्या अक्षरात टाकतो, छकड्यावाल्यायले दारातूनच वाचता येईल इतक्या. हा शब्द माहा."