वाटीतला सेन्सर

टिक्.

दुपारच्या शांततेत ओट्यावरची स्टीलची वाटी वाजली. तिच्यात आमच्या गाडीचा जुना ऑक्सिजन सेन्सर होता. सकाळी नवा बसवून मेकॅनिक रज्जू भैयांनी तो माझ्या हाती दिला होता, "भाभी, पुराना पार्ट घर ले जाओ," म्हणून.

मी खुशीत होते. गाडीतला बिघाडाचा पिवळा दिवा विझला होता आणि वर्षभरानं उद्या आम्ही शहपुऱ्याला, माझ्या आईकडे निघणार होतो. गुणगुणत सेन्सर उचलला अन् पटकन सोडला. चटका बसला!

"काहून घाबरतेस? ऊन पडलं असेल," माझा नवरा अंकुर हसला.

आमच्या ओट्यावर ऊन येतच नाही.

बिघाड सेन्सरचा नसून भलताच निघाला तर उद्याचं जाणं रद्द, म्हणून त्यानं सेन्सरच्या वायरींना मीटर लावलं. "बघ, आतला हीटर तुटलेलाच आहे. तापल्याशिवाय याला धुराचा वास कळत नाही."

टिक्.

आम्ही दोघंही हसलो, जरा जास्तच.

चिन्मयी झोपेतून कधी उठून आली, कळलंच नाही. वाटीवर इवले तळवे धरून ती मजेत शेकून राहिली होती.

"आई, हा तर तापला. मग आता हा कोणाचा वास घेऊन राहिला?"