भाऊजींची जिवंत माती

माझे धाकटे दीर जन्माचे आळशी. सेंद्रिय शेतीपायी आम्ही नवराबायको शेणखत ओढून, सारखं नांगरून कंबर मोडून घेतली. शेजारच्या वाट्यात भाऊजी बी फेकून तीन वर्षं लोळत पडले. पाला पडला तिथेच कुजला.

माती तपासणाऱ्या साहेबांनी दोन्हीकडे कुदळ मारली. आमच्यात नुसती ढेकळं, भाऊजींच्यात गांडुळंच गांडुळं.

“न नांगरता, पाल्याखाली झाकलेली. ही खरी जिवंत माती,” साहेब म्हणाले. “सोमवारी शंभर शेतकऱ्यांना बघायला आणतो.”



 

रविवारी भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा पहाटे उठले; चारचौघांत शोभा नको म्हणून सगळा पाला जाळला, रान दोनदा नांगरलं आणि बांधावर पाटी ठोकली: ‘जिवंत माती’.