तपासणीचा मंगळवार

"गार्ड मीच काढलं, साहेब. माझीच चूक," लंबू म्हणाला. हे बोलताना त्यानं आधी फोरमनकडे पाहिलं, मग निरीक्षकांकडे. त्याचे पाय कॉटच्या टोकाबाहेर आले होते. नाव उगीच लंबू पडलं नव्हतं. डावा हात मनगटापासून पट्ट्यांत गुंडाळलेला होता, आणि आतली दोन बोटं आता नव्हती.

"ऐकलंत ना?" फोरमन घाईघाईनं म्हणाला. "सकाळी मी स्वतः तपासलं, सगळ्या ग्राइंडरना गार्ड होतं. सांगून सांगून घसा बसला माझा, पण ऐकतंय कोण!" मग त्याचा मोबाईल वाजला आणि तो वॉर्डाबाहेर गेला.

निरीक्षकांनी जबाब लिहून घेतला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, पण आज एकही ओळ सरळ येईना. गार्ड म्हणजे काय, तर गरगर फिरणाऱ्या चकतीवरचं पत्र्याचं अर्धगोल झाकण. चकती फुटली की तुकडा त्याच्यावर आदळतो. ते नसलं की हातावर आदळतो. इतकं साधं! पण लोखंडी जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये झाकणाची सगळ्यांना अडचण. कोपऱ्यात मशीन शिरत नाही, काम रखडतं. म्हणून सगळी झाकणं एका खोक्यात पडून असायची.

निरीक्षकांना हे ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. ते दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचे, आणि जायच्या आदल्या दिवशी सभ्यपणे फोन करायचे. गेल्यावर बघावं तर मशीन काळंकुट्ट आणि गार्ड नवंकोरं, ठिणगीचा एक डाग नाही. आंधळ्यालाही कळलं असतं. सहा वर्षं त्यांनी तिथला चहा प्यायला आणि 'सर्व गार्ड जागेवर' असं लिहून सही ठोकली.

ह्या मंगळवारी तर तेवढेही कष्ट घेतले नव्हते. दाढ ठणकत होती, म्हणून सकाळीच 'येत नाही' असा फोन करून टाकला. घरच्या घरी, गालाला रुमाल लावून, त्यांनी अहवाल लिहिला. 'सर्व गार्ड जागेवर.' खाली मंगळवारची तारीख. त्याच मंगळवारी दुपारी लंबूची बोटं गेली.

लंबूचा जबाब तसाच राहिला तर अहवाल खरा ठरत होता. फोरमन सुटत होता, निरीक्षकही सुटत होते. लंबूचं काम तेवढं जात होतं.

"साहेब, एक विचारू?" लंबूची बायको उशाशी बसली होती, ती पहिल्यांदाच बोलली. "फोरमन म्हणाले, असं असं सांग, मग महिन्याभरानं गुपचूप परत घेतो. घेतील ना हो?"

निरीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसले घेतात! सहीचा जबाब हातात पडला की तो काखा वर करणार, हे काय त्यांना कळत नव्हतं? आणि ही बाई मात्र त्यांनाच विचारत होती, त्यांच्यावरच विश्वास टाकून.

त्यांनी जबाबाचा कागद टराटरा फाडला.

"नाही घेणार ते," निरीक्षक म्हणाले. "पण काम जाणारही नाही. मी खरं लिहितो. गार्ड कधीच नसायचं आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून सह्या करत होतो. माझं व्हायचं ते होऊ दे."

बायकोनं हात जोडले. "अहो, नका, नका," निरीक्षक पुटपुटले आणि कोऱ्या कागदावर भराभर लिहायला लागले. ह्या खेपेला ओळी सरळ आल्या. आता जरा मोकळं वाटत होतं. गुन्हा होताच, नाही कोण म्हणतं? पण तो खोट्या कागदाचा. ते त्या दिवशी गेले काय आणि न गेले काय, चकती फुटायची ती फुटलीच असती. झाकणं तर खोक्यातच पडलेली. नोकरी गेली तरी निदान ह्या माणसाच्या बोटांचं पाप आपल्या माथी नाही, एवढा तरी आधार होता.

"ऐका," ते लंबूला म्हणाले आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. "'गेली अनेक वर्षे ग्राइंडरवर गार्ड नव्हते व अपघाताच्या दिवशीही ते बसवलेले नव्हते.' बरोबर आहे ना? मग करा सही."

लंबूनं उजव्या हातात पेन घेतलं आणि तो घुटमळला. एवढा मोठा साहेब आपल्यापायी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय, त्याला कागदावर चुकीचं कसं लिहू द्यायचं? त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं 'सांगा' अशी मान हलवली.

"एरवीचं बरोबर आहे, साहेब," तो अगदी अदबीनं म्हणाला. "पण मंगळवारी सकाळी गार्ड होतं. तुम्ही यायचे होतात ना, म्हणून बसवलेलं. मग तुमचा फोन आला की येत नाही, तेव्हा फोरमननी काढायला लावलं."