मागायचं राहून गेलं

चित्रातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली खापराचा तुकडा सारलेला. आमचे हे असते तर म्हणाले असते, “पाहुणे आले की टेबल डुगडुगायचंच!”

“आई, गोष्ट ग्रीकांची, पण रंगवलीय इथल्या डच चित्रकाराने,” संग्रहालयात माझी लेक समजावत होती. “गरीब म्हातारा-म्हातारी. वेश बदलून आलेल्या देवांना जेवू घालतात. देव खूश होऊन म्हणतात, मागा.”

“काय मागितलं? नवं टेबल?”

“एकाच दिवशी मरण. कुणी एकट्याने मागे राहायला नको. मग दोघांची शेजारीशेजारी झाडं झाली.”

हे गेल्यापासून लेक मरणाचा विषय टाळायची. बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

मी चित्रातल्या म्हातारीकडे पाहत राहिले. बाईला मागायचं कसं ते कळलं होतं. मी मेली दर वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळत सातही जन्मी हाच नवरा मागत आले. या जन्मी बरोबर न्या, एवढं म्हणायचं सुचलंच नाही.

माझे हात आपोआप जुळले.

“आई, देव ते पलीकडचे दोघं,” लेक कुजबुजली.

“माहीत आहे गं,” मी म्हणाले. “मी हिच्याच पाया पडतेय.”